३१ जुलैची निवृत्ती, जानेवारीतला व्हिसा : जर्मनीतल्या एका कारखान्याचं प्रकरण

युरोपीय संघ म्हातारा होतोय, स्पर्धेत मागे पडतोय, हे आपण बातम्यांत वाचतो. एखाद्या कारखान्यात ते कसं दिसतं, हे मी गेली तीन वर्षं रोज बघतोय. त्यातलं एकच प्रकरण इथे सविस्तर मांडतो. कारखान्याचं, गावाचं आणि माणसांचं नाव गाळलं आहे.

पार्श्वभूमी

दक्षिण जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात श्वेबिश आल्ब हा डोंगरपट्टा आहे. इथल्या गावोगावी टर्निंगचे, म्हणजे लेथवर धातू कातून भाग बनवणारे, कारखाने आहेत. आमचा त्यातलाच एक. मालकांची तिसरी पिढी, माणसं सुमारे १४०. हायड्रॉलिकचे निपल, व्हॉल्व्हच्या पिना असले छोटे भाग, आमच्या भाषेत ‘जॉब’, इथे बनतात. पूर्वी डिझेल इंजेक्टरचे भागही बनायचे, ते काम हळूहळू आटलं. मी उत्पादन नियोजन बघतो. मूळचा कोल्हापूरचा. पहिली नोकरी शिरोली एमआयडीसीत केली, त्यामुळे तेलाचा वास आणि पायाखालची चिप, म्हणजे धातूचा कीस, दोन्ही ओळखीची.

नोव्हेंबर २०२२ मध्ये कार्यालयातल्या बाईंनी सगळ्या कामगारांच्या जन्मसालांचा एक तक्ता करून भिंतीवर लावला. दर सालाला एक उभी पट्टी. डावीकडे पट्ट्या उंच होत जातात, १९६४ ला सगळ्यात उंच, आणि तिथून उतरण. तक्ता आमच्या कारखान्याचा होता, पण चित्र अख्ख्या देशाचं होतं. १९६४ साली दोन्ही जर्मनींत मिळून साडेतेरा लाखांहून जास्त मुलं जन्मली. २०२३ मध्ये जन्मलेली मुलं सात लाखांच्या आत आहेत. १९६४ ची मंडळी २०३१ मध्ये ६७ वर्षांची होतील, म्हणजे पूर्ण निवृत्तीच्या वयात पोचतील.

संघाच्या २७ देशांचं चित्रही फार वेगळं नाही. २०१२ पासून तिथे दरवर्षी जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होतात. लोकसंख्या ४५ कोटींच्या आसपास टिकून आहे ती बाहेरून येणाऱ्या माणसांमुळे. २०२३ मध्ये दर बाईमागे सरासरी १.३८ मुलं होती. सप्टेंबर २०२४ मध्ये मारिओ द्रागी यांनी युरोपच्या स्पर्धाक्षमतेवर जो अहवाल दिला, त्यात २०४० पर्यंत काम करणाऱ्यांची संख्या वर्षाला सुमारे २० लाखांनी घटत जाईल असं म्हटलं आहे. त्याच अहवालात विजेचं गणितही आहे : युरोपातल्या कारखान्यांना वीज अमेरिकेच्या दुप्पट-तिप्पट दरानं पडते, गॅस चौपट-पाचपट. रशियाचा स्वस्त गॅस २०२२ नंतर आटला, आणि त्याची झळ आमच्यासारख्या छोट्यांच्या बिलात आली. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं जर्मनीची अर्थव्यवस्था आकसली.

हे एवढ्यासाठी सांगितलं, की ‘माणसं मिळत नाहीत’ आणि ‘मालाचा भाव जुळत नाही’ या दोन तक्रारी आमच्याकडे एकाच वेळी आल्या. एकीचं औषध घ्यावं तर दुसरी वाढायची.

अडचण

तक्त्यावरची सगळी माणसं सारखी नव्हती. आमच्याकडे कॅमवर चालणारे आठ जुने ऑटोमॅट, म्हणजे आपोआप चालणारे लेथ, आहेत. त्यांना कॉम्प्युटर नाही. कॅम म्हणजे लोखंडी चकती, तिचा आकार टूलला पुढे-मागे नेतो. एकदा नीट लावलं की दिवसाला हजारो जॉब पडतात, आणि कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सीएनसी मशिनीपेक्षा बरेच स्वस्त. आमच्या हायड्रॉलिकच्या मोठ्या ऑर्डरीचा भाव जुळत होता तो या आठ मशिनींमुळे.

त्या लावता येणारा, म्हणजे टूल आणि कॅम बसवून मशीन जुळवणारा, सेटर एकच उरला होता. जन्म मार्च १९६०. सोळाव्या वर्षी उमेदवार म्हणून लागलेले, जन्मभर याच शेडमध्ये. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनच्या डोक्याला, हेडस्टॉकला, टेकवायचे, मूठ कानाशी धरायचे, डोळे मिटून क्षणभर ऐकायचे आणि सांगायचे, ‘तिसरं टूल.’ तिसऱ्या टूलची धार गेलेली असायची. पंचेचाळीस वर्षं वर्गणी भरलेल्यांना इथे थोडं लवकर, पेन्शनमध्ये कपात न होता निवृत्त होता येतं. १९६० ला जन्मलेल्यांसाठी ते वय ६४ वर्षं ४ महिने. म्हणजे ३१ जुलै २०२४. ही तारीख नोव्हेंबर २०२२ मध्येच आमच्या भिंतीवर होती. वीस महिने हातात होते.

समोर असलेले पर्याय

स्थानिक उमेदवार घेणं हा पहिला विचार. जर्मनीतली उमेदवारी चांगली असते, साडेतीन वर्षांची, थोडी शाळेत आणि बरीचशी कारखान्यात. पण दोन वर्षं जाहिरात देऊन एक मुलगा आला, आणि तोही सीएनसीसाठी. कॅम आता अभ्यासक्रमात नावापुरताच.

दुसरा, पूर्व युरोपातून माणसं. मालकांच्या वडिलांच्या काळात हा रस्ता वाहता होता. आता ते देश स्वतःच रिकामे झालेत. बल्गेरियात १९८९ च्या सुमारास नव्वद लाखांच्या आसपास लोक होते, २०२१ च्या जनगणनेत ६५ लाख. रोमानिया २ कोटी ३० लाखांवरून १ कोटी ९० लाखांवर आला. संघ एकच, सीमा मोकळ्या, आणि त्यामुळे एका देशाची टंचाई शेजारच्या देशाच्या गळ्यात जाते.

तिसरा, यंत्रमानव. मालकांचा कल इकडे होता, आणि त्यात चूक काही नव्हती. कारखान्यांतल्या दर १०,००० कामगारांमागे किती यंत्रमानव, या मोजणीत २०२३ साली जर्मनीत ४२९ होते आणि चीनमध्ये ४७०. यंत्रं बनवण्यात नावाजलेल्या जर्मनीला चीननं याच मोजणीत मागे टाकलं. आम्ही दोन दरपत्रकं मागवली. जॉब उचलणं, मोजणं, पेटीत भरणं हे यंत्रमानव उत्तम करतो. मशीन लावणं करत नाही, आणि आमची कमतरता नेमकी तिथे होती. पॅकिंगसाठी एक घेतला. तो आजही चांगला चालतो.

चौथा, आठही मशिनी विकून टाकणं आणि ते काम सोडून देणं. यावर एक संपूर्ण दुपार चर्चा झाली. हिशेब मांडल्यावर दिसलं, की त्या कामाबरोबर सीएनसीचंही बरंच काम जाईल, कारण ग्राहक दोन्ही एकत्रच देतो.

पाचवा पर्याय मी मांडला : कोल्हापूर. कॅमवरच्या ऑटोमॅटला आपल्याकडे शॉप फ्लोअरवर सरसकट ‘ट्रॉब’ म्हणतात. मशीन कुणीही बनवलेलं असो, नाव ट्रॉब. ते नाव ज्या कंपनीचं, ती मूळ इथल्याच रायशेनबाखची, आमच्या शेडपासून तासाभराच्या अंतरावरची. तिच्या गावाशेजारी ज्या मशिनीला हात लावणारा सापडत नाही, ती मशीन शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात आयटीआयची पोरं आजही लावतात. हे मी बैठकीत सांगितलं तेव्हा मालकांनी मला पुन्हा एकदा सांगायला लावलं.

वातावरणही अनुकूल होतं. भारत आणि जर्मनीचा स्थलांतराचा करार डिसेंबर २०२२ मध्ये झाला होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेमबर्ग यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाला, त्यात पहिल्या टप्प्यात १०,००० तरुण पाठवायचं ठरलं. आम्ही त्या योजनेतून माणसं घेतली नाहीत. पण तिच्यामुळे इथल्या लोकांच्या कानावर महाराष्ट्र हे नाव पडलं होतं, एवढा उपयोग नक्की झाला.

पहिला निर्णय : वेग की भाषा

मार्च २०२४ पासून जर्मनीनं दोन नवे दरवाजे उघडले. एकात अनुभवी कामगाराला, त्याच्या देशात मान्य असलेलं किमान दोन वर्षांचं प्रशिक्षण आणि दोन वर्षांचा अनुभव असेल, तर इथल्या मान्यतेशिवाय येता येतं. पगार मात्र ठरावीक रकमेच्या वर हवा. २०२४ साठी ती वर्षाला ४०,७७० युरो होती. भाषेची अट नाही. दुसऱ्यात मान्यतेची प्रक्रिया इथे आल्यावर पूर्ण करायची, पण येतानाच जर्मनची ए-टू ही प्राथमिक पातळी हवी.

मी दुसऱ्याच्या बाजूचा होतो. ए-टू म्हणजे चार-सहा महिने क्लास. मालक म्हणाले, जुलै तोंडावर आलाय, भाषा इथे शिकतील. मी फार ताणलं नाही. कोल्हापूरचीच पोरं, मी आहेच दुभाष्याला, असं मनात होतं. ती माझी चूक. माझी शिफ्ट एक, त्यांच्या दोन.

कामगारांनी निवडलेल्या कामगार परिषदेनं पुढे दोन रास्त प्रश्न विचारले. गाड्यांचे भाग बनवणारी झेडएफसारखी मोठी कंपनी २०२८ पर्यंत जर्मनीतल्या ११,००० ते १४,००० जागा कमी करणार म्हणते, मग त्यातली माणसं का घेत नाही? आम्ही चौकशी केली. जी माणसं मोकळी होणार होती ती बहुतेक पन्नाशी ओलांडलेली, घरं तिकडे, पगार आमच्या दीडपट. एकही यायला तयार झाला नाही. दुसरा प्रश्न पगाराचा : नव्यांना ४०,७७० मिळणार, तर पंधरा वर्षं मशीन सांभाळणाऱ्या ज्या बाईंना त्याहून कमी मिळतं त्यांचं काय? याला उत्तर एकच होतं आणि ते द्यावं लागलं. सहा जणांचे पगार वाढले. माणसं बाहेरून आणण्याच्या खर्चात ही रक्कम कुणी आधी धरत नाही. आम्हीही धरली नव्हती.

दुसरा निर्णय : ४७ वर्षांचा माणूस

मे २०२४ मध्ये मी आणि आमचे शेडप्रमुख कोल्हापूरला गेलो. तीन दिवसांत बावीस जणांना मशीनवर उभं करून पाहिलं. सगळ्यात सरस होता तो ४७ वर्षांचा सेटर. त्यानं बिघडवून ठेवलेली मशीन वीस मिनिटांत लावली, आणि तीही आवाज ऐकत ऐकत. शेडप्रमुखांना मराठीचा गंध नाही, पण ते मशीनजवळून हलेनात.

त्याला आणता आलं नाही. पंचेचाळिशी ओलांडलेल्या माणसाला या वाटेनं यायचं तर पगाराची अट ४९,८३० युरोंवर जाते, किंवा म्हातारपणाची पुरेशी तरतूद दाखवावी लागते. नियमामागचं कारण समजण्यासारखं आहे : इथे थोडी वर्षं काम करून पुढे अपुऱ्या पेन्शनवर राहणारी माणसं सरकारला नको आहेत. पण आमच्या बाबतीत त्याचा अर्थ असा झाला, की ज्याच्याकडे कसब होतं त्याचं वय बसेना, आणि ज्यांचं वय बसत होतं त्यांचं कसब कच्चं होतं. पगार तेवढा द्यावा का, यावर दोन आठवडे गेले. सेटरच्या पगारश्रेणीत ते बसत नव्हतं, म्हणून नाही म्हटलं. आज माझं मत स्पष्ट आहे : द्यायला हवा होता. वर्षाला नऊएक हजार युरो जास्त गेले असते, आणि पुढच्या सहा महिन्यांत आम्ही त्याच्या कितीतरी पट घालवले.

शेवटी २६ ते ३३ वयाचे चार जण निवडले. त्या सेटरनंच त्यांना तीन आठवडे संध्याकाळी कॅम कसे घासायचे ते दाखवलं. त्याबद्दल आम्ही मोबदला दिला. पण मला निरोप देताना तो म्हणाला, ‘दादा, माझं वय झालं म्हणता, आणि पोरांना शिकवायला मीच लागतोय.’ मला उत्तर सुचलं नाही.

चौघांतले दोघे ज्या वर्कशॉपमधून आले, तिथले मालक माझ्या वडिलांच्या ओळखीचे. त्यांना भेटायला गेलो तर चहा दिला आणि सरळ बोलले. ‘तू आपलाच पोरगा, म्हणून बोलतो. कच्चं पोरगं आम्ही घ्यायचं, दोन वर्षं जॉब खराब करून घ्यायचं, आणि तयार झालं की तुम्ही उचलून न्यायचं. आम्ही काय नुसती शाळाच चालवायची काय रे?’ त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती. आपल्याकडे माणसांचा डोंगर आहे असं आपण समजतो, पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर १.७ आहे. लोकसंख्या टिकायला २.१ लागतो. युरोपच्या ज्या वळणाची गोष्ट मी सांगतोय, त्या वळणाकडे महाराष्ट्रही निघाला आहे.

प्रत्यक्षात काय झालं

कागदपत्रं सप्टेंबरमध्ये पुरी होतील असा अंदाज होता. शिक्षणाची पडताळणी रेंगाळली, एका पोराच्या आयटीआय प्रमाणपत्रावर नावाचं स्पेलिंग वेगळं निघालं, मुलाखतीची तारीख पुढे गेली. ४११ युरो भरून कंपनीला इथल्या कार्यालयातून जलद प्रक्रिया करून घेता येते, हे आम्हाला ऑक्टोबरमध्ये कळलं. चौघे आले ते जानेवारी २०२५ च्या अखेरीस.

३१ जुलैला आमच्या जुन्या सेटरना निरोप दिला होता. केक कापला, मालकांनी घड्याळ दिलं. ऑगस्ट ते जानेवारी आठपैकी पाच मशिनी बहुतेक वेळ बंद राहिल्या. उरलेल्या तीन कशाबशा चालल्या, खराब जॉबच्या पेट्या भिंतीला लागून वाढत गेल्या. हायड्रॉलिकच्या ग्राहकानं डिसेंबरमध्ये ऑर्डरचा तिसरा हिस्सा तुर्कस्तानातल्या पुरवठादाराकडे वळवला.

फेब्रुवारीतला एक प्रसंग सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नव्यांपैकी एक जण जुन्या कामगाराबरोबर जड चक, म्हणजे जॉब पकडणारा मशीनचा भाग, बसवत होता. जुन्यानं सांगितलं, ‘हेब!’ पोरानं मोबाइलवर शिकलेल्या जर्मनमध्ये ‘हेबन’ म्हणजे उचल. त्यानं उचलला. पण श्वेबिश बोलीत ‘हेबन’ म्हणजे धरून ठेव. उचलायला ते वेगळाच शब्द वापरतात. चक सटकला आणि बुटाच्या पोलादी टोकावर पडला. बोटं वाचली. त्या संध्याकाळी आम्ही बोलीतले चाळीस शब्द मराठी अर्थासकट लिहून मशिनींवर चिकटवले, आणि आठवड्यातले सहा तास कामाच्या वेळेतच भाषेचा क्लास सुरू केला. जे मे महिन्यात कोल्हापुरात व्हायला हवं होतं, ते फेब्रुवारीत शेडमध्ये झालं.

पहिली शिफ्ट पावणेसहाला, गावातली पहिली बस सहा दहाला. भारतातलं लायसन्स इथे सहा महिने चालतं, नंतर परीक्षा द्यावी लागते. पण गाडी घ्यायला पैसे कुणाकडे होते? शेवटी शेडप्रमुख स्वतः दोघांना घेऊन यायला लागले, उरलेल्या दोघांना सायकली दिल्या. उणे आठ अंशांत सायकल मारत आलेल्या पोरांची तोंडं मी विसरणार नाही.

तिसरा निर्णय : म्हाताऱ्यांकडे जाणं

फेब्रुवारीच्या शेवटी मी निवृत्त सेटरांच्या घरी गेलो. त्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं, कारण मालकांची समजूत होती की काम केलं तर त्यांची पेन्शन कापली जाईल. तो नियम १ जानेवारी २०२३ लाच रद्द झाला होता. मुदतीआधी पेन्शन घेणाऱ्यालाही आता कमाईची मर्यादा नाही.

त्यांनी दार उघडलं, आणि मी बसण्याआधीच विचारलं, ‘किती मशिनी बंद आहेत?’ मी म्हटलं, पाच. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ऑगस्टमध्ये फोन येईल असं वाटलं होतं.’

मार्चपासून ते मंगळवारी आणि गुरुवारी येतात. पहिल्या दिवशी चौघांतल्या एकानं न सांगता कॅम काढून त्याची कड बोटानं तपासली, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे वर-खाली पाहिलं आणि आपली जुनी कानस त्याच्या हातात दिली. दोघांमध्ये धड एक वाक्य होत नव्हतं. पोरगं स्क्रू ड्रायव्हर कानाला लावायचं, बोटांनी ‘चार’ दाखवायचं. ते नाही म्हणून मान हलवायचे आणि दोन बोटं दाखवायचे. पोरगं पुन्हा ऐकायचं. शेड थांबून बघायची.

निष्पत्ती

डिसेंबर २०२५ मध्ये आठपैकी सात मशिनी चालत होत्या. तीन जण स्वतः सेटिंग करतात, त्यातले दोघे अवघड जॉबसुद्धा. चौथा सप्टेंबरमध्ये स्टुटगार्टजवळच्या मोठ्या कंपनीत गेला. तिकडे पगार जास्त, आणि त्याच्या बायकोला, ती नर्स आहे, तिथेच काम मिळालं. मी त्याला दोष देत नाही. गावात बायकोला काम नाही हे आम्हाला ठाऊक होतं, आम्ही त्यावर काहीच केलं नव्हतं. तुर्कस्तानाला गेलेला हिस्सा परत आलेला नाही. विजेचा भाव तोच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

आम्ही डोकी मोजली. तक्त्यावरून किती गेले, किती आणायचे, एवढंच. पण कारखान्याला कमी पडली ती वेळ : जाणारा आणि येणारा एकाच मशीनपाशी उभे असण्याची वेळ. तिचं नियोजन नोव्हेंबर २०२२ मध्ये करता आलं असतं. सेटरना तेव्हाच विचारता आलं असतं की निवृत्तीनंतर आठवड्यातून दोन दिवस याल का. एक घर आणि एक फोन, एवढंच अंतर होतं.

भाषेचा क्लास निवडीच्या आधी सुरू व्हायला हवा, आणि त्या काळात पोरांना निम्मा पगार द्यायला हवा, कारण नोकरी सोडून क्लास करणं त्यांना परवडत नाही. ज्या वर्कशॉपमधून माणूस नेतो त्याला नवीन पोरगं शिकवण्याचा खर्च द्यावा, हे मी मालकांपुढे लेखी मांडलं आहे. त्यांनी अर्धं मान्य केलं आहे : आमच्या दोन जुन्या सीएनसी मशिनी यंदा त्या वर्कशॉपला जायच्या आहेत.

दुसऱ्या तुकडीचा विषय आता टेबलावर आहे. मालकांना आठ जण हवेत, २०३१ मध्ये निवृत्त होणारी १९६४ ची पट्टी त्यांना झोपू देत नाही. मी चार म्हटलं आहे, कारण शिकवणारे हात दोनच दिवस मिळतात. आणि पाचवं नाव म्हणून त्या कोल्हापूरच्या सेटरचं लिहिलं आहे. तो आता ४९ चा झालाय, पगाराची अट आणखी वर गेली आहे. मालकांनी ते नाव अजून खोडलेलं नाही.